सॅकवाले गिऱ्हाईक आणि आपला छोटा धंदा
शहापूर-मुरबाडच्या दुकानदार व कारागीर बांधवांसाठी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आपल्या व्यापारी बांधवांची नजर बहुतेक वेळा मोटारीतून उतरणाऱ्या गिऱ्हाइकावर असते. गाडी मोठी असली म्हणजे खर्च मोठा होणार, असा सर्वसाधारण समज आहे. पाठीवर मोठी सॅक, पायांत चिखलाने भरलेले बूट आणि हातात पाण्याची बाटली घेऊन आसनगाव स्टेशनवर किंवा मुरबाडच्या एस.टी. स्थानकावर उतरणाऱ्या मुलामुलींकडे मात्र आम्ही फारसे लक्ष देत नाही. "हे लोक घरून डबा आणतात, पैसा काढत नाहीत" असे म्हणून त्यांना सोडून देतो. या समजुतीत कितपत तथ्य आहे आणि थोड्या भांडवलाच्या माणसाला या गिऱ्हाइकापासून काय मिळू शकते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आज हा विचार करण्याचे एक कारण आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर थांबणाऱ्या गाड्यांवर शहापूर तालुक्यातील अनेक हॉटेले, गॅरेजे आणि पानपट्ट्या वर्षानुवर्षे चालत आल्या. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला. हा रस्ता आपल्याच तालुक्यातून जातो, परंतु त्यावरून धावणारी गाडी आपल्या दुकानासमोर थांबत नाही. रस्ता जितका वेगवान, तितके रस्त्याकडेचे गिऱ्हाईक कमी, हा सगळीकडचा अनुभव आहे. पायी चालणारा प्रवासी मात्र गावातून जातो, गावात बसतो आणि गावातच खातो.

कमी खर्चाचा प्रवासी म्हणजे कोण?

इंग्रजीत अशा प्रवाशाला बॅकपॅकर म्हणतात. आपली सर्व चीजवस्तू पाठीवरच्या पिशवीत घेऊन तो फिरतो. महागडे हॉटेल घेत नाही, खासगी गाडी करत नाही. जो पैसा वाचतो त्यातून तो आणखी चार दिवस राहतो, किंवा पुढच्या महिन्यात पुन्हा निघतो.

सन १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातील तरुण इस्तंबूलहून इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे बसने, ट्रकने हिंदुस्थानात येत असत. त्यांचा बराचसा मार्ग मुस्लिम मुलखांतून जात होता आणि त्यांना जेवण व बिछाना देणारे बहुतेक लोक आपल्यासारखेच लहान दुकानदार होते. इस्तंबूलच्या सुलतान अहमद भागात १९५७ साली दोन भावांनी लाले नावाचे साधे भोजनालय सुरू केले. प्रवाशांनी त्याला "पुडिंग शॉप" असे नाव दिले आणि ते जगभर प्रसिद्ध झाले. त्याचे एक कारण त्यांची खीर होती, तर दुसरे भिंतीवरचा साधा फळा. कोणती बस कधी सुटते, कोणाला सोबती हवा आहे, कोणाचा निरोप कोणासाठी आहे, हे प्रवासी त्या फळ्यावर लावून जात. माहिती मिळते म्हणून माणूस आत येई आणि आत आला म्हणजे जेवे. १९७९ साली इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील रशियन फौजांचा प्रवेश यांमुळे तो खुष्कीचा मार्ग बंद पडला, परंतु ते भोजनालय चालू राहिले.

गोव्याच्या किनाऱ्यावर काय घडले?

या प्रवाशांपैकी पुष्कळ जण शेवटी गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन राहत. कळंगुट, हणजूण, पुढे पेडणे तालुक्यातील हरमल आणि काणकोणातील पाळोळे ही गावे अशीच माहीत झाली. सुरुवातीला तेथे मोठी हॉटेले नव्हती. मासेमारी करणाऱ्या आणि नारळाच्या बागा असणाऱ्या कुटुंबांनी घरातली एखादी खोली दिली, अंगणात चार टेबले टाकली आणि घरात शिजणारा भात-मासाच पाहुण्याला वाढला. नवीन बांधकामासाठी कर्ज काढण्याचा प्रश्न आला नाही.

पाळोळ्याचे उदाहरण आपल्या कारागिरांनी मुद्दाम समजून घ्यावे. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९९१ पासून केंद्र सरकारचे निर्बंध आहेत. त्यामुळे तेथे लाकूड, बांबू, प्लायवूड व झावळ्यांच्या तात्पुरत्या झोपड्या उभारतात. पावसाळा संपला की उभ्या करायच्या आणि पुढचा पावसाळा लागण्याआधी सोडवून ठेवायच्या. म्हणजे सुतार, बांबूकाम करणारा, गादीवाला व वायरमन यांना दरवर्षी ठराविक काळात काम मिळते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यानंतर मुंबई-ठाण्याचा सामान्य नोकरदार तरुणही साध्या डब्याच्या तिकिटावर तेथे जाऊ लागला.

हणजूणच्या बुधवारच्या बाजाराची गोष्टही अशीच आहे. पैसे संपत आलेल्या परदेशी पाहुण्यांनी आपले कपडे, कॅमेरे, पुस्तके विकायला सुरुवात केली, त्यातून तो बाजार उभा राहिला. पुढे कर्नाटकातील लमाणी बाया, राजस्थानी आणि काश्मिरी व्यापारी तेथे माल घेऊन बसू लागले. तेथे खपणाऱ्या मालाचे तीन गुण सांगता येतील. तो वजनाने हलका असतो, सॅकमध्ये मोडत नाही आणि लगेच वापरता येतो. पाठीवर घर घेऊन फिरणारा माणूस पितळी घंगाळ घेणार नाही, पण कापडी बटवा, टोपी किंवा पंचा घेईल.

आपल्याकडे समुद्र नाही, मग काय आहे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर डहाणू, केळवे, बोर्डी हे किनारे ठाणे जिल्ह्यातून गेले. शहापूर-मुरबाडला तर समुद्र कधीच नव्हता. पण सॅकवाला प्रवासी आपल्याकडे अनेक वर्षांपासून येतो आहे. तो वाळूसाठी न येता डोंगरासाठी येतो, एवढाच फरक.

शहापूर तालुक्यात आसनगावजवळ माहुलीचा किल्ला आहे. कसाऱ्याच्या बाजूला विहीगावचा धबधबा आहे. २००१ च्या "अशोका" चित्रपटानंतर तो त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. कसारा स्टेशनवर उतरून घोटी, भंडारदऱ्याकडे जाणारेही पुष्कळ असतात. मुरबाड तालुक्यात माळशेज घाट आहे. म्हसा येथून देहरीमार्गे गोरखगडाला आणि नारिवलीमार्गे सिद्धगडाला वाट जाते. सिद्धगडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले, म्हणून जानेवारीत तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढते.

कल्याण-नगर रस्त्यावरील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. कल्याण बंदराचा माल जुन्नरकडे नेणारी ही दोन हजार वर्षांची व्यापारी वाट आहे. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख तेथील लेण्यात आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे परंपरेने सांगतात. तेव्हा ओझे घेऊन चालत आलेल्या माणसाला पाणी, अन्न व मुक्काम देणे हा मुरबाडच्या भूमीवरचा नवा धंदा नव्हे.

हंगामाचाही विचार करावा. गोव्यात मेअखेरीस झोपड्या सोडवल्या जातात, त्याच सुमारास आपल्याकडे पाऊस जवळ येतो. जून ते सप्टेंबर धबधबे व हिरवे डोंगर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी किल्ले, असा आपला हंगाम आहे. लग्नसराई संपून बाजार मंद होतो त्या पावसाळ्यात हे गिऱ्हाईक येते. शिवाय त्याची मोठी गर्दी शनिवार-रविवारी असते, म्हणून जुम्याच्या नमाजलाही अडचण येत नाही.

पैसा कोणाच्या हातात जातो?

एक साधा हिशेब मांडून पाहू. यातील भाव केवळ समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून पाहावे. समजा, बारा जणांची एक टोळी पहिल्या लोकलने आसनगावला उतरली. चहा व पोह्यांचे माणशी ४० रुपयांप्रमाणे ४८० झाले. माहुली गावापर्यंत जाण्या-येण्याची गाडी १,००० रुपये. उतरल्यावर माणशी १२० रुपयांचे जेवण म्हणजे १,४४०. लिंबू सरबत, बिस्किटे, केळी यांचे माणशी २० म्हणजे २४०. एकूण ३,१६० रुपये झाले. माणशी पाहिले तर खर्च तीनशेच्याही आत आहे आणि म्हणूनच तो डोळ्यांत भरत नाही. परंतु हा पैसा चहावाला, गाडीवाला, खानावळ आणि किराणा-फळवाला अशा चार घरांत वाटला गेला. मोटारवाल्या पाहुण्याने एकाच रिसॉर्टमध्ये दहा हजार दिले, तर गावच्या दुकानदाराला त्यातले काय येते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता मुक्कामाचा हिशेब. समजा, घरात एक मोठी खोली रिकामी आहे. दहा गाद्या, उशा व चादरींना प्रत्येकी २,५०० प्रमाणे २५,००० रुपये, पंखे, दिवे आणि संडास-न्हाणीची दुरुस्ती यांना ३५,००० रुपये, असे एकूण ६०,००० रुपये लागले. एका बिछान्याचे ३०० रुपये घेतले. त्यातून धुलाई, पाणी, वीज व सफाईचे १०० वजा जाता २०० उरले. वर्षातल्या २५ शनिवारी सरासरी सहाच बिछाने भरले, तर १५० मुक्काम होतात आणि ३०,००० रुपये उरतात. दोन वर्षांत भांडवल मोकळे झाले. हाच धंदा सहा लाखांची नवी इमारत बांधून केला, तर तेवढ्याच गिऱ्हाइकावर भांडवल सुटायला वीस वर्षे लागतील. तेही व्याज धरले नाही तर. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, आहे त्या खोलीवर सुरुवात करावी आणि त्यासाठी व्याजाचे कर्ज मुळीच काढू नये. एकट्याने जमत नसेल तर भावाभावांत, मित्रांत भागीदारी करावी. मात्र कोणाचे किती आणि नफा-तोटा कसा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दोघांच्या सह्या कराव्यात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे. आपल्याकडे संकोचापोटी ती पाळली जात नाही आणि पुढे नाती तुटतात.

कोणत्या कारागिराला काय करता येईल?

बेकरीवाले बांधव : खारी, टोस्ट, नानखटाई, बटर हे पदार्थ डोंगरावर न्यायला उत्तम. वाऱ्या-पावसात मऊ पडू नयेत म्हणून दोन-चार माणसांपुरती बंद पुडी करावी. स्टेशनजवळ ती पहाटे मिळाली पाहिजे. सकाळी नऊला दुकान उघडणाऱ्याला हे गिऱ्हाईक भेटणारच नाही.

शिंपी बांधव : सॅकची चेन तुटणे, पट्टा उसवणे, तंबूचे कापड फाटणे ही रोजची दुखणी आहेत. जाड सुई, नायलॉनचा दोरा आणि दोन-तीन मापांच्या चेनी ठेवल्या तर तासाभरात काम होते. २०१८ पासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा उरलेल्या कापडाच्या पिशव्या व बटवे शिवून ठेवल्यास तेही खपतील.

गादीवाले पिंजारी बांधव : गोव्याच्या झोपड्यांप्रमाणे येथेही गाद्या भाड्याने देता येतात. गावातील शाळा किंवा समाजमंदिर मोठ्या टोळ्यांना मुक्कामासाठी मिळते तेव्हा पन्नास गाद्या एकाच घरात नसतात.

गॅरेजवाले बांधव : मोटारसायकलवरून येणारे बरेच असतात. पंक्चर, क्लचची तार, चेन यांची सोय आणि डोंगरावर जाईपर्यंत गाडी व हेल्मेट सांभाळण्याची जागा ठेवावी. त्यासाठी भाडे घ्यावे आणि पावती द्यावी.

खानावळवाले बांधव : येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. पावसाळ्यातच श्रावण येतो आणि आपल्या पुष्कळ हिंदू बांधवांना त्या महिन्यात मांसाहार चालत नाही. तेव्हा शाकाहारी जेवणाची भांडी व चूल वेगळी ठेवावी, तसे पाटीवर लिहावे आणि लिहिल्याप्रमाणे खरोखर वागावे. पिठलं-भाकरी, भात-आमटी, ठेचा हे आपल्या घरांतही शिजते. सामिष जेवण हलाल असल्याची पाटी जशी आपण लावतो, तशीच दुसऱ्याच्या परहेजाची काळजी घेणे ही ईमानदारी आहे. पाटीवर नाव आपले खरेच असावे. खरे नाव लावून मिळवलेला विश्वास अधिक टिकतो.

दारूशिवाय हा धंदा होतो का?

अनेक बांधवांची हीच मोठी शंका आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर दारू सर्रास असते, हे खरे. परंतु पाहुण्याला पहिली गरज बिछाना, गरम जेवण, स्वच्छ संडास आणि पुढची गाडी यांची असते. कडा चढायला आलेला माणूस पहाटे चारला उठतो, त्याला चहा हवा असतो. "येथे मद्यपानास मनाई आहे" ही पाटी लावल्याने काही टोळ्या जातील, हे धरून चालावे. पण मुलींना व लहान मुलांना घेऊन येणारे कुटुंब, शाळेची सहल आणि गंभीरपणे गिरिभ्रमण करणारी मंडळी हीच पाटी पाहून थांबतील. आमच्या घरच्या स्त्रियांनी जेवण करायचे असेल, तर असेच गिऱ्हाईक आपल्याला हवे आहे.

कशाने हे गिऱ्हाईक तुटते?

कमी पैशाचा प्रवासी भाव विचारतो, म्हणून तो कटकटीचा वाटतो. पण एकदा ठरलेला भाव पाळला गेला की तो दहा जणांना सांगतो. आज ते सांगणे मोबाइलवर होते आणि हजारो लोक ते वाचतात. फसवणुकीची गोष्टही तितक्याच वेगाने पसरते. पावसात शेवटची एस.टी. चुकलेल्या पोरांकडून गाडीचे तिप्पट भाडे घेणे ही कमाई नव्हे, त्यात बरकत नाही. वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याच्या ढिगाखाली ओले धान्य आढळले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या विक्रेत्याला खडसावले होते, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. दरपत्रक भिंतीवर लावावे. तो कागद आपला अर्धा विक्रेता आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात असूनही उन्हाळ्यात येथील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाहुण्याला पाणी द्यायचे तर आधी गावाच्या वाट्याचे बिघडणार नाही, हे पाहिले पाहिजे. पावसाचे पाणी टाकीत साठवून धुलाई-संडासाला वापरावे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची व कायद्याची. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात धबधबे व धरणांच्या परिसरात अपघात टाळण्यासाठी जिल्हा प्रशासन मनाई हुकूम काढते. त्या दिवशी "आम्ही मागच्या वाटेने नेतो" असे सांगून कोणी गिऱ्हाईक नेऊ नये. एका जिवापुढे शंभर दिवसांची कमाई काही नाही. माहुलीचा परिसर तानसा अभयारण्याला लागून आहे, तेथे वन खात्याचे नियम पाळावेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. मुक्कामी पाहुण्याचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नाव लिहावे आणि परदेशी पाहुणा असल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी. घरात पाहुणे ठेवण्यासाठी पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे आणि शेती असणाऱ्यांसाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. दोन्हींची चौकशी करावी.

जागा विकण्यापूर्वी

गोव्याकडून एक कडू धडाही घेतला पाहिजे. ज्या कुटुंबांनी प्रथम खोल्या दिल्या, त्यांतील कित्येकांनी पुढे आपली जागा बाहेरच्या माणसाला विकली किंवा लांब मुदतीच्या भाड्याने दिली. किनाऱ्यावरच्या शॅकचे परवाने स्थानिकांच्या नावाने आणि धंदा मात्र पोटभाडेकरूचा, अशा तक्रारी तेथे वारंवार होतात. आपल्याकडेही फार्म हाऊससाठी रस्त्याकडेच्या जमिनी विकल्या जात आहेत. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी विकावी लागली तर तो नाइलाज आहे. पण नुसता भाव चांगला आला म्हणून वडिलांनी ठेवलेला दोन गुंठ्यांचा तुकडा देऊन टाकणाऱ्याने विचार करावा. ज्या दिवशी तो तुकडा जाईल, त्या दिवसापासून आपला मुलगा त्याच जागेवर दुसऱ्याच्या पगारावर पहारेकरी म्हणून उभा राहील.

हा धंदा कोणाला श्रीमंत करील, असे आम्ही म्हणत नाही. दुकान बंद करून यामागे लागावे, असेही नाही. चालू दुकानाच्या जोडीला पावसाळ्याचे चार महिने आणि थंडीतले शनिवार-रविवार यांतून घरखर्चाला हातभार लागतो, इतकेच त्याचे स्वरूप आहे. म्हशाच्या यात्रेत पौषात आपले पुष्कळ बांधव दुकाने थाटतात. तेथे जी तयारी, जो माल आणि जी पहाटेची उठाठेव लागते, तीच येथे लहान प्रमाणात लागते.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावातील दोन-तीन दुकानदारांनी एकत्र बसून एक फळा तयार करावा. आसनगाव-कसाऱ्याच्या लोकलच्या आणि कल्याणकडच्या शेवटच्या एस.टी.च्या वेळा, गाडीचे ठरलेले भाडे, जवळचा सरकारी दवाखाना आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक त्यावर लिहावा. दुकानाच्या दर्शनी भागात तो लावावा आणि वेळ बदलली की त्याच दिवशी दुरुस्त करावा. खर्च फार तर दोन-तीनशे रुपये येईल. माहिती विचारायला येणारा माणूस उभ्या उभ्या चहा घेतोच. इन्शाअल्लाह, पुढच्या खेपेला तो आणखी चार जणांना घेऊन येईल.